अकरा पंक्चर आणि थोरल्याचा शोध

एखादं काम मी हातात घेतलं, की ते संपलंच म्हणून समजा! मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानादुकानांतून तराजू तपासत फिरतो. काटा केसभर इकडचा तिकडे झालेला मला चालत नाही, मग मन कसं हलेल? म्हणून त्या दिवशी सगळ्या घरादेखत मी छाती फुगवून म्हणालो, "तीन दिवस द्या मला. थोरला कोण ते कागदावर आणून दाखवतो."

बायको कांदा चिरत होती. तिनं मान वरही केली नाही. "तीन दिवस? गेल्या महिन्यात एका शब्दाचा अर्थ बघायला शब्दकोश उघडला होतात, तो जेवणाची ताटं वाढून झाल्यावर मिटलात. आणि तो शब्द काय होता हेही विसरला होतात."

"ते वेगळं," मी म्हणालो.

वेगळं कसं ते तिनं विचारलं नाही, हे माझं नशीब.

झालं होतं असं. माझे बाबा आणि माझे काका हे जुळे भाऊ. वय वर्षं अठ्ठ्याहत्तर. सुईणबाईंनी आधी जन्मलेल्या बाळाच्या पायात लाल दोरा बांधला होता, आणि तो दोरा होता काकांच्या पायात. तेवढ्या एका दोऱ्यावर काका अठ्ठ्याहत्तर वर्षं थोरले होते. बाबा त्यांना 'दादा' म्हणायचे, त्यांच्यासमोर पाय पसरून बसायचे नाहीत, आणि दादाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ मानायचे.

बाबा शिलाई मशीन दुरुस्त करतात. घराच्या मागच्या अंगाला त्यांची खोली आहे. तिथं जुनी काळी मशीनं ओळीनं माना वाकवून उभी असतात, जशी तळ्याकाठी पाणी प्यायला आलेली हरणं. महिन्यापूर्वी त्यातल्या एका हरणानं बाबांच्या पायावर उडी मारली. दोन बोटं मोडली. या मंगळवारी काका काठी टेकत आले आणि निकाल देऊन मोकळे झाले.

"खोली बंद! मशीनं शिवणशाळेला देऊन टाकायची. मी शब्द दिलाय त्यांना. शनिवारी सकाळी गाडी येईल."

हातातला तेलाचा डबा बाबांनी फळीवर ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. मग खाली बघत पुटपुटले, "आई एकदा म्हणाली होती, पहिला आला तो गप्प होता म्हणून."

काका आयुष्यात कधी गप्प बसलेले नाहीत. त्यांनी काठी आपटली, तसं मशीनवरचं दोऱ्याचं रीळ घरंगळत खाली गेलं.

"म्हणजे काय म्हणायचंय तुला?" काकांचा आवाज चढला. "तू थोरला? कागद दाखव! शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत कागद दाखव, मी काठी ठेवून तुझ्या पाया पडतो. नाहीतर शनिवारी गाडी!"

आणि मग मी ते छाती फुगवून बोललो, ते तुम्ही ऐकलंतच.

जन्मदाखल्यावर दोघांची तारीख एक, वेळ नाही. पण त्या सुईणबाई प्रत्येक बाळंतपणाची वही ठेवायच्या, आणि त्यांच्या वह्या नगरपालिकेच्या जुन्या दफ्तरात होत्या. बाबांच्या जन्माच्या वेळची होती चौदावी. पाच मिनिटांचं काम! मी बुधवार ते शुक्रवार रजा टाकली ती केवळ शोभेसाठी.

बुधवारी सकाळी मी दफ्तरात पोचलो. तिथल्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच एक वाळवी लागलेला कागद. "पिशवी बाहेर. फोन बाहेर. पेन नाही, पेन्सिल. एका वेळी एकच वही. वही मागायची चिठ्ठी अकराला आणि दोनला, मधे नाही. आणि शुक्रवारी साडेचारला या वह्या बांधणीला जाणार आहेत. कीड लागलीय. वर्षभर दिसायच्या नाहीत."

"मला एकच हवीय," मी हसून म्हणालो. "चौदावी."

चौदावी वही आली. भुऱ्या पुठ्ठ्याची, कोपरे उंदरांनी चाखलेले. मी उघडली आणि पहिल्याच ओळीवर माझे डोळे खिळले:

'आज पुन्हा पंक्चर. या तीन महिन्यांतलं सातवं. तो काही बोलला नाही. टाचणी मात्र उजेडात धरून पुष्कळ वेळ पाहिली.'

हे कसलं बाळंतपण? मग लक्षात आलं, वही मी उलटी धरली होती. सुईणबाई पुढून बाळांच्या नोंदी लिहायच्या आणि मागून स्वतःच्या मनातलं. दोन्हीकडून लिहीत लिहीत मधे भेटलं, की वही संपली. सरळ आहे, मी वही सुलटी करायला हवी होती.

पण सात? तीन महिन्यांत सात पंक्चर? वाचकहो, मी मापांचा माणूस आहे. आकडा खटकला की तो पडताळल्याशिवाय मला चैन पडत नाही. सायकलीला तीन महिन्यांत एखादं पंक्चर ठीक. दोन म्हणजे रस्ता खराब. सात म्हणजे काहीतरी काळंबेरं! आणि हा 'तो' कोण? सुरुवात कुठून झाली? सुरुवात अर्थातच तेराव्या वहीत असणार. दोन वाजता मी चिठ्ठी दिली, आणि तेरावी मिळावी म्हणून चौदावी, हो, ती नेमकी चौदावी, मी माझ्या या हातांनी परत केली!

तेरावीत 'तो' होताच. कोपऱ्यावरचा सायकल दुरुस्त करणारा. पण तिथं आधीच चौथं पंक्चर चालू होतं. सुरुवात बारावीत.

संध्याकाळी बाहेर येऊन फोन बघितला तर काकांचे सहा आणि बाबांचा एक. बाबांचा तो एकच जास्त टोचला.

घरी पोचलो. बाबा दारातच.

"सापडलं?"

"जवळपास," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा असा उजळला, की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आत जाऊन पाहतो तर एका मशीनला ते नव्यानं तेल देत होते. शनिवारी जाणाऱ्या मशीनला!

"उद्या पहिलं काम तेच," मी बायकोला म्हणालो.

"कुठलं?"

"थोरल्याचं."

"मग आज काय केलंत?"

मी सांगितलं. ती हातातलं फडकं खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता काही खरं नाही. ती म्हणाली, "मग? टाचणी कुठून आली?"

बघा! आणि मला नावं ठेवतात.

गुरुवारी अकराला मी चौदावी मागायला गेलो, आणि माझ्या पेन्सिलीनं चिठ्ठीवर 'बारा' लिहिलं. मी नाही, पेन्सिलीनं. बारावीत सगळं उलगडलं. पहिलं पंक्चर खरं होतं, खिळ्याचं. 'त्यानं चाक फिरवून कान लावला, जसा मी पोटाला लावते. म्हणाला, बाई, वारा कुठून जातो ते ऐकावं लागतं.' दुसऱ्या पंक्चरआधी आठ दिवस सुईणबाईंनी शिवणाच्या डब्यात टाचण्या मोजल्याची नोंद होती. बारा टाचण्या. पुढच्या पानावर अकरा!

मी जागच्या जागी उडालो. "स्वतःच टोचतेय!" मी ओरडलो.

दफ्तरातल्या बाईंनी टेबलावर पट्टी आपटली. "शांतता!"

आणि मधे मधे पुढच्या बाजूला नजर गेली, की बाळांच्या नोंदी. प्रत्येक बाळाला सुईणबाईंनी दोन ओळी दिलेल्या. आल्यागेल्या पाहुण्याच्या हातावर काहीतरी ठेवावं तशा.

'पहाटेला आली बाई, मूठ इवली झाकलेली
काय आणलंस सांग, मीही गुपितं राखलेली'

हे मी पेन्सिलीनं उतरवून घेतलं. ती मूठ आता सत्तरी ओलांडून कुठं असेल कुणास ठाऊक. दोनच्या चिठ्ठीला तेरावी पुन्हा मागवली, कारण मधली पंक्चरं राहिली होती. आठवं चौदावीत असणार. म्हणजे शुक्रवारी चौदावी घेतली की दोन्ही कामं एकदम! असं मी मनाला समजावलं. मन समजलं. काका समजणार नव्हते. गुरुवारी संध्याकाळी ते घरी येऊन बसले होते.

"काय रे, मिळाला कागद?"

"उद्या, काका. नक्की. हातातच आहे म्हणा ना."

"हातात आहे तर दाखव हात!"

मी हात मागे घेतले. बोटांना पेन्सिलीचं शिसं लागलेलं होतं. बाबा कोपऱ्यात बसून माझ्या बोटांकडे बघत होते, आणि त्या काळ्या बोटांवर त्यांनी किती विश्वास टाकला होता ते त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. "येईल घेऊन, दादा," ते म्हणाले. "तो चिकट आहे. काम सोडत नाही."

तेव्हा कुणी मला चापट मारली असती तर मी आभार मानले असते.

शुक्रवारी अकराच्या ठोक्याला मी चिठ्ठी पुढे केली. चौदा! ठळक, दोनदा गिरवलेला चौदा!

"ती गेली," बाई म्हणाल्या.

"गेली? कुठं गेली?"

त्यांनी हनुवटीनं दाखवलं. खिडकीपाशी एक निवृत्त मास्तरीणबाई बसल्या होत्या. पांढरा अंबाडा, हातात भिंग. साडेदहालाच येऊन चिठ्ठी देऊन बसलेल्या. आणि भिंगाखाली माझी चौदावी!

मी टाचा वर करून गेलो. "माफ करा, मला फक्त एक नोंद बघायचीय. पाच मिनिटं."

"मग दोनला या."

"अहो, माझ्या वडिलांच्या आयुष्याचा प्रश्न आहे!"

"माझ्या थोरल्या भावाचा होता," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी त्याची जन्मतारीख बघायला आले होते मी."

"मग? सापडली?"

त्यांनी भिंग बाजूला केलं, इकडेतिकडे बघितलं, आणि माझ्या कानाशी वाकल्या. "मी नवव्या पंक्चरवर आहे. आत्ता उठवू नका."

मी वाकून भिंगाखाली पाहिलं. वही उलटी होती. हो, उलटीच!

दोन वाजले. मास्तरीणबाईंनी वही पुन्हा स्वतःच्याच नावावर मागितली. नियमात बसतं, बाई म्हणाल्या. तीन वाजले. त्या एकेक अक्षर भिंगानं न्याहाळत होत्या, जसं एखादं मूल मुंगीमागून चालतं. भिंतीवरचं घड्याळ माझ्या कपाळातच टिकटिक करू लागलं. बाहेरच्या पिशवीत माझा फोन घरघरत होता, ते मला भिंतीपलीकडून कळत होतं. शनिवारची गाडी डोळ्यांसमोर येत होती. पाठीमागची फळी पडलेली, मशीनं एकेक करून वर चढतायत, आणि बाबा दारात तेलाचा डबा घेऊन उभे. कुठल्या मशीनला कुठं पाझरतं ते त्या शिवणशाळेत कुणाला ठाऊक असणार होतं?

चार वाजले. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. रडायचाच बाकी होतो. सगळं सांगितलं. दोरा, दादा, मोडलेली बोटं, गाडी. आणि माझे दोन दिवस कशात गेले तेही.

मास्तरीणबाईंनी चष्मा पुसला. "नापास आहात तुम्ही," त्या म्हणाल्या. "मीही आहे म्हणा. घ्या."

चार वाजून अठरा मिनिटं. बाई किल्ल्यांचा जुडगा वाजवत कपाटं लावू लागल्या. मी वही सुलटी केली, पानं उलटली. तारीख सापडली!

'दोन मुलगे. वजनं सारखी. दोघेही येताना गप्प, चिमटा काढल्यावर दोघेही रडले. पहिल्याच्या पायात लाल दोरा.'

संपलं. बाबांची आशा एका ओळीत संपली. दोघेही गप्प, आणि दोरा काकांच्या पायात. मी पेन्सिल उचलली. खाली दोन ओळी होत्या:

'एकामागं एक आले, जसं चाकामागं चाक
कोण पुढं कोण मागं, वाटे, तूच ध्यानी राख'

'ध्यानी राख'? वाटेनं का ध्यानात ठेवायचं? सुईण कशाला आहे मग? आणि त्याखाली, बारीक अक्षरात: 'मागे पाहा.'

"वेळ संपली!" बाईंनी वहीवर हात ठेवला.

"बाई, तुमच्या पाया पडतो. मागे बघायचंय!"

"रोज मागेच बघत होतात की!"

त्यांना माहीत होतं! पण हात त्यांनी काढला. बाजूला झाल्या आणि, खोटं कशाला बोलू, माझ्या खांद्यावरून त्याही वाचू लागल्या. दुसऱ्या खांद्यावर मास्तरीणबाईंचं भिंग आलं.

संध्याकाळी सहाला पाच कमी असताना मी घरात शिरलो. मशीनच्या खोलीत काका खुर्चीवर, काठी दोन्ही हातांत. बाबा स्टुलावर, पट्टी बांधलेला पाय पुढे. बायको दारात. मी खिशातून कागद काढला. घडी उलगडून तो उजेडात धरला.

मी वाचलं:

"'आज जुळे. पहिल्याच्या पायात बांधायला दोरा घेतला, तोच दारात घंटी वाजली. तो सायकल घेऊन आला होता. म्हणाला, बाई, अकरा झाली. रस्त्यावर इतक्या टाचण्या नसतात. पंक्चर न करताही येत जा. मी उंबऱ्यापाशी किती वेळ उभी होते ते मला ठाऊक नाही. मागे वळले तर माझ्या मदतनीस बाईनं दोघांना पुसून एकाच दुपट्यात ठेवलेलं, आणि दोरा माझ्या हातात. वजनं सारखी, तोंडं सारखी. जो जवळ होता त्याच्या पायात बांधला. त्यांच्या आईला सांगितलं नाही. तिला थोरला हवा होता, तिला एक थोरला दिला.'"

मी कागद मिटला. मशीनंसुद्धा ऐकत असावीत.

"म्हणजे," काका हळूच म्हणाले, "मी थोरला नाही?"

"असालही, काका."

"म्हणजे नसेनही?"

"नसालही."

"कुणालाच माहीत नाही?"

"कुणालाच नाही."

आता काठी कुणाच्या पाठीवर पडते याचाच मी विचार करत होतो. पण काकांनी काठी मशीनला टेकवून ठेवली. पायातली चप्पल काढली आणि आपल्या सुरकुतलेल्या घोट्याकडे असे बघत बसले, जणू तिथून कुणीतरी आत्ता बेडी काढून नेली होती.

"खिडकीची काच तू फोडलीस," ते बाबांना म्हणाले, "आणि मार मी खाल्ला. का? तर म्हणे, 'तू थोरला, तुला कळायला हवं होतं!' घरातली सगळी लग्नं मी जमवली, सगळी भांडणं मी मिटवली, प्रत्येकाच्या आजारपणात दवाखान्यातल्या त्या लोखंडी बाकावर मी बसलो. आणि तुझ्या पायावर ते धूड पडलं तेव्हापासून फोन वाजला की मला धडकी भरते. थोरल्याचं काय असतं माहीत आहे? काहीही झालं तरी चूक त्याचीच."

बाबांनी पायानं एक स्टूल काकांच्या दिशेनं सरकवलं. दुखऱ्याच पायानं.

"मग इथं येऊन बस की रोज," ते म्हणाले. "मी उचलत असलो की ओरड."

काका स्टुलाकडे बघत राहिले. मग उठून त्यावर बसले आणि म्हणाले, "बरं, दादा."

बाबांनी मागे वळून बघितलं. मागे भिंत होती.

"तुलाच म्हणतोय! आता राहिलेली वर्षं तू थोरला. मी दमलो. त्या शाळेला फोन करून सांग, मशीनं मिळणार नाहीत म्हणून. मी नाही सांगणार. धाकट्यांनी मोठ्यांच्या कामात बोलू नये!"

बाबांनी फोन केला. आवाज आधी कापला, मग ठणठणीत झाला. गाडी रद्द! बायकोनं डोळ्यांना पदर लावला, मी भिंतीला पाठ टेकली.

तेवढ्यात काकांनी खिशातून एक जाडजूड वही काढून बाबांच्या मांडीवर ठेवली. तिला रबर लावलेलं होतं, नाहीतर ती फुटली असती.

"हे काय?" बाबा.

"घर," काका म्हणाले. "कुणाला कधी डॉक्टरकडे न्यायचंय, कोण कुणाशी बोलत नाही, कुणाची समजूत काढायचीय, कुणाच्या पाण्याच्या टाकीचा नळ गळतो. थोरल्यानं बघायचं असतं. आता तू बघ."

बाबांनी वही उघडली. एक पान वाचलं. दुसरं वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग असा उतरू लागला, जसं चाकातून वारं जातं. वही मिटली. क्षणभर विचार केला, मान ताठ केली, आणि आयुष्यातला पहिला हुकूम सोडला, माझ्याकडे बोट करून:

"ही वही आजपासून हा सांभाळेल. चिकट आहे तो."

काकांनी मांडीवर थाप मारली. "बघा! किती पटकन जमलं! नक्की हाच थोरला असणार!"

थोरल्याच्या वहीत माझीही नोंद लागली एकदाची. सोमवारी सकाळी नऊला मी पुन्हा रजेवर आहे: चुलत आत्याची कवळी, दातांचा दवाखाना, दुसरा मजला.